विश्लेषण : बदलाची घोषणा स्क्रीनवर, भार लोकलवर! ऑनलाइन बैठका नेमक्या कुठे फसतात?

आठवड्यातून किती दिवस कार्यालयात यायचे, पाळी कधीपासून बदलणार, विभाग कोणत्या कंपनीत जाणार, नवी संगणक प्रणाली केव्हा लागू होणार... असे निर्णय आता नोकरदारांना बहुतेक वेळा मोबाइल किंवा लॅपटॉपच्या पडद्यावरच कळतात. पाऊण तासाची बैठक, शेवटची पाच मिनिटे प्रश्नांसाठी आणि 'कोणाला काही शंका?' या वाक्यानंतरची शांतता. ही शांतता म्हणजे होकार, असे समजून व्यवस्थापन पुढे जाते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या समजुतीची किंमत इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते. असे का होते, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतील मोठ्या बदलातून काय दिसते आणि ऑनलाइन बैठकीत माणसांना बोलते कसे करता येईल, याचा हा आढावा.

हा प्रश्न या पट्ट्यात वेगळा का?

मुंबईहून निघालेली मध्य रेल्वे कल्याणला दुभंगते. कर्जतच्या दिशेने विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके लागतात. सीएसएमटीपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटरवर, तर बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. २०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. बदलापूरचा हाच आकडा २००१मध्ये एक लाखाच्या आत होता. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून इकडे आलेल्या कुटुंबांची संख्या त्यानंतरही वाढतच राहिली.

साधा हिशेब करून पाहू. जलद लोकलने बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर कापायला साधारण सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन अडीच तास. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ५५ तास. आठ तासांच्या दिवसाने भागले तर जवळपास सात कामाचे दिवस फक्त लोकलमध्ये जातात. त्यात स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरची वाट पाहणे आणि गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली पहिली गाडी धरलेली नाही. म्हणजे 'उद्यापासून पाच दिवस कार्यालयात' या एका ओळीच्या निर्णयाचा अर्थ अंधेरीत राहणाऱ्या आणि बदलापुरात राहणाऱ्या सहकाऱ्यासाठी एकच नसतो.

हा प्रश्न केवळ वेळेपुरता नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रादरम्यान दारात लटकून प्रवास करणारे प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पावसाळ्यात या मार्गावरचा माणूस कामावर पोहोचेल की नाही, याची खात्री कोणताही मॅनेजर देऊ शकत नाही.

गर्दी विभागण्यासाठी कार्यालयांनी वेळा बदलाव्यात, असे आवाहन मध्य रेल्वे अनेकदा करत आली आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये रेल्वेने आपल्या मुंबई विभागीय कार्यालयातच दोन वेगवेगळ्या वेळा सुरू करून पाहिल्या. इतर आस्थापनांचा प्रतिसाद मात्र तुरळक राहिला. कारण वेळ बदलणे हाही संघासाठी एक बदलच असतो, आणि तो घडवून आणण्याची कसरत करायला फारसे कोणी तयार नसते.

'वर्क फ्रॉम होम'पासून परतीचा प्रवास कसा झाला?

मार्च २०२०मध्ये लोकल थांबली. १५ जून २०२०पासून ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. दोन लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट २०२१पासून प्रवासाची मुभा मिळाली. या दीड वर्षात कल्याणपलीकडच्या हजारो घरांत जेवणाचे टेबल हेच कार्यालय झाले. मोठ्या कंपन्यांनीही हा बदल कायमचा असल्याचे संकेत दिले. टीसीएसने एप्रिल २०२०मध्ये '२५ बाय २५' हे प्रारूप मांडले. २०२५पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही, असा त्याचा आशय होता.

प्रत्यक्षात याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. एप्रिल २०२४मध्ये वेतनाचा बदलता हिस्सा हजेरीशी जोडल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेत ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४मध्ये पाच दिवसांची घोषणा केली आणि जानेवारी २०२५पासून ती लागू केली. कंपन्यांकडे त्यांची कारणे होती. नव्याने भरती झालेल्यांना काम शिकवणे, संस्थेची कार्यसंस्कृती टिकवणे, ग्राहकांच्या माहितीची सुरक्षितता ही कारणे खोटी म्हणता येणार नाहीत.

पण मधल्या तीन वर्षांत लोकांनी आयुष्याची मांडणी बदलली होती. 'आता रोज जायचे नाही' या भरवशावर काहींनी ठाण्याचे भाड्याचे घर सोडून बदलापुरात हप्त्यावर घर घेतले. काही घरांत आजी-आजोबांच्या औषधांची वेळ, मुलांना शाळेतून आणणे हे सारे त्या मांडणीत बसले. घोषणेच्या बैठकीत या मांडणीचा उल्लेखही होत नाही, तेव्हा कर्मचाऱ्याला निर्णयापेक्षा ते दुर्लक्षच अधिक लागते.

या संदर्भात चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतील प्रयोग महत्त्वाचा आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास जून २०२४मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा दिली, निम्म्यांना नाही. दोन वर्षांच्या मूल्यांकनात आणि बढत्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र घरून काम करणाऱ्यांत एक तृतीयांशाने घटले. आणि ही घट कोणामध्ये ठळक होती? महिला, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून प्रवास करणारे. अभ्यास शांघायचा, पण वर्णन थेट सकाळच्या ७ वाजून काही मिनिटांच्या बदलापूर लोकलचे वाटावे.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काय घडले?

आयटी कंपन्यांच्या बदलाची चर्चा खूप होते. पण संघाला मोठ्या बदलातून नेणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण खुद्द अंबरनाथमध्ये आहे. १९५०च्या दशकापासून शहराची ओळख असलेली ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे एमटीपीएफ, हे दोन्ही कारखाने कोलकात्यातील ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या अखत्यारीत होते. देशभरातील ४१ कारखाने आणि सुमारे ७० हजार कर्मचारी असा या बोर्डाचा पसारा होता.

मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळातच, या बोर्डाचे कंपनीकरण करण्याची घोषणा केंद्र सरकारने केली. कामगार महासंघांनी विरोध केला. ऑक्टोबर २०२०मधील बेमुदत संपाची हाक मुख्य कामगार आयुक्तांपुढील बोलणीनंतर पुढे ढकलली गेली. १६ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने निर्णयावर शिक्कामोर्तब केले. पुन्हा संपाची चिन्हे दिसताच ३० जूनला अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश आला आणि संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी बोर्ड विसर्जित होऊन सात कंपन्या अस्तित्वात आल्या. १५ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी व्हिडीओ संदेशाद्वारे त्या राष्ट्राला अर्पण केल्या.

या विभागणीत अंबरनाथचे दोन शेजारी वेगळे झाले. ऑर्डनन्स फॅक्टरी 'यंत्र इंडिया लिमिटेड'मध्ये गेली. तिचे मुख्यालय नागपूर. एमटीपीएफ 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड'मध्ये गेली. तिचे मुख्यालय चेन्नईजवळचे आवडी. एकाच वसाहतीत वाढलेल्या, एकाच मैदानावर क्रिकेट खेळलेल्या दोन कामगारांचे नियोक्ते आता वेगळे, मुख्यालये वेगळी. कागदोपत्री हा बदल एका रात्रीत झाला.

माणसांच्या पातळीवर तसे झाले नाही. कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणूनच ठेवून दोन वर्षांसाठी नव्या कंपन्यांकडे 'मानीव प्रतिनियुक्ती'वर पाठवण्यात आले. ही मुदत संपत आली की वाढवली गेली, आणि असे एकदा नाही, अनेकदा झाले. दर वेळी तोच प्रश्न नव्याने उभा राहिला. आपण सरकारी की कंपनीचे? निवृत्तिवेतनाचे, बढतीचे, अनुकंपा नोकरीचे काय? सेवाशर्तींचे संरक्षण राहील, हे आश्वासन सरकारने सुरुवातीपासून दिले होते. तरीही चिंता संपली नाही. कारण आश्वासन वरून आले होते आणि प्रश्न शॉपफ्लोअरवर उरले होते.

कंपनीकरण योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. बोर्डाच्या कारभारातील दिरंगाई आणि उत्पादनाच्या गुणवत्तेबाबतच्या तक्रारी अनेक वर्षांच्या होत्या, हेही खरे. इथे मुद्दा वेगळा आहे. निर्णयाची तारीख ठरवता येते. माणसे त्या निर्णयात कधी स्थिरावतील, याची तारीख सरकारलाही ठरवता आली नाही.

बदल आणि संक्रमण यांत फरक काय?

अमेरिकी सल्लागार विल्यम ब्रिजेस यांनी हा फरक मांडला. त्यांच्या मते बदल ही बाहेरची घटना आहे, जसे नवे साहेब, नवी जागा किंवा नवी प्रणाली. संक्रमण आत घडते आणि त्याला तीन टप्पे असतात. आधी काहीतरी संपते, मग अधांतरी काळ येतो आणि शेवटी नवी सुरुवात होते. बहुतेक व्यवस्थापक थेट तिसऱ्या टप्प्याचे सादरीकरण करतात. पहिल्या टप्प्याचे, म्हणजे काय संपते आहे याचे, नावही घेत नाहीत. अंबरनाथमध्ये तर मधला अधांतरी काळ चक्क सरकारी शब्दांत नोंदवला गेला. 'मानीव प्रतिनियुक्ती' याचा दुसरा अर्थ काय होतो?

हार्वर्डचे जॉन कॉटर यांनी १९९५मध्ये फसलेल्या बदलांची कारणे सांगताना एक नेमकी गोष्ट नोंदवली होती. बदलाबद्दल जितके बोलायला हवे, त्याच्या दहाव्या भागाइतकेच नेतृत्व बोलते. एक भाषण आणि एक परिपत्रक दिले की सर्वांना कळले, असे गृहीत धरले जाते. ऑनलाइन बैठकीने ही सवय आणखी सोपी केली. पूर्वी ५०० माणसांना एकत्र जमवायला सभागृह लागे, तारीख लागे, चहा लागे. आता लिंक पुरते. घोषणा इतकी स्वस्त झाली की ऐकून घेण्याचे काम सुटूनच जाते.

ऑनलाइन बैठकीत माणसे गप्प का होतात?

पहिले कारण शारीरिक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडीओ बैठकीच्या थकव्याची चार कारणे दिली. जवळून आणि सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा बघत राहणे, जागेवर खिळून बसणे आणि देहबोली वाचण्यासाठी मेंदूला पडणारा जादा ताण. स्टॅनफर्डच्याच, दहा हजारांहून अधिक जणांच्या पाहणीत १३.८ टक्के महिलांनी तीव्र थकवा नोंदवला. पुरुषांत हे प्रमाण ५.५ टक्के होते. १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात कॅमेरा चालू ठेवल्याने थकवा वाढतो, आणि थकलेला माणूस बैठकीत कमी बोलतो, असे दिसले. हा परिणाम महिलांवर आणि नव्या कर्मचाऱ्यांवर अधिक होता. 'कॅमेरा चालू ठेवा म्हणजे लक्ष राहील' या लाडक्या नियमाच्या हे बरोबर उलट आहे.

यात स्थानिक भर घालावी लागेल. वन बीएचकेमध्ये एकाच वेळी दोघांची बैठक, मुलाची शिकवणी आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. मध्येच वीज जाते. राउटर बंद पडला की मोबाइल डेटावर यायचे आणि आवाज तुटत राहतो. कॅमेरा बंद असलेल्या कर्मचाऱ्याचे मन कामात नाही, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याच्या मागची भिंत कोणाची आहे, याचा विचार झालेला बरा.

दुसरे कारण गणिती आहे. चार जणांच्या गटात एकमेकांशी बोलण्याच्या सहा जोड्या होतात. बारा जणांत ६६ आणि चाळीस जणांत ७८०. प्रत्यक्ष सभागृहात यातल्या कित्येक जोड्या कुजबुजत, डोळ्यांनी किंवा चहाच्या टपरीवर जुळतात आणि शंका तिथेच फिरून थोडी निवळते. पडद्यावर एका वेळी एकच आवाज चालतो. बाकी सगळ्या जोड्या तुटतात, किंवा व्यवस्थापक नसलेल्या वेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुळतात. खरी बैठक मग तिकडे भरते.

तिसरे कारण बोलण्याच्या वाटणीचे. ॲनिटा वूली आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ६९९ जणांच्या अभ्यासात गटाची एकत्रित हुशारी ही गटातील सर्वांत हुशार माणसावर फारशी अवलंबून नव्हती. बोलण्याची संधी किती समान वाटली गेली आणि माणसे एकमेकांच्या भावना किती ओळखू शकतात, यावर ती अवलंबून होती. एकटा साहेब ४० मिनिटे बोलला तर तो गट त्या ४० मिनिटांपुरता कमी हुशार झालेला असतो, असे म्हणायला हरकत नाही.

म्यूटचे बटण कोणाच्या हातात?

कोविडकाळात राज्य सरकारने महापालिका आणि नगरपालिकांच्या सभा व्हिडीओ कॉन्फरन्सद्वारे घेण्याचे निर्देश दिले. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांची मुदत २०२०मध्येच संपल्याने तिथे प्रशासक आले होते. उल्हासनगर महापालिकेत मात्र २०२२पर्यंत निवडून आलेले सभागृह होते. राज्यातील अनेक महापालिकांत तेव्हा विरोधकांची एकच तक्रार ऐकू येत होती. आम्हाला बोलू दिले जात नाही, आवाज बंद केला जातो, विषय गोंधळात मंजूर होतात. प्रत्यक्ष सभागृहात माइक बंद केला तरी नगरसेवक महापौरांच्या आसनासमोर जाऊन उभा राहू शकतो. पडद्यावर तो पर्याय उरत नाही.

इंग्लंडमध्येही हेच घडले. हँडफोर्थ या छोट्या गावाच्या परिषदेची डिसेंबर २०२०मधील झूम बैठक दोन महिन्यांनी जगभर व्हायरल झाली. बैठक चालवणाऱ्या जॅकी वीव्हर यांनी गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना बैठकीतूनच बाहेर काढले होते. लोक हसले, पण नंतरच्या चौकशीत तसे करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, असेही नमूद झाले. अर्थात परिस्थिती अपवादात्मक असल्याने त्यांचे वागणे समजण्यासारखे होते, असे चौकशीतच म्हटले गेले. कार्यालयीन बैठकीत हा प्रश्न कोणी विचारतही नाही. लिंक ज्याची, बटण त्याचे. म्हणून ज्या बैठकीत नोकरीवर परिणाम करणारा बदल सांगायचा आहे, ती निर्णय घेणाऱ्या व्यक्तीनेच चालवू नये. बोलण्याची पाळी देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

मग बैठक घ्यायची कशी?

समजा, ठाण्यातील कार्यालयाच्या बारा जणांच्या संघाला पुढील महिन्यापासून पाच दिवस यायचे आहे आणि त्यातले पाच जण कल्याणपलीकडे राहतात. पहिले काम बैठकीआधीचे. एक-दोन पानी टिपण आदल्या दिवशी पाठवावे. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : काय संपते आहे, का संपते आहे, काय अजून ठरलेले नाही आणि कशात बदल होऊ शकतो. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवसांची संख्या ठरलेली असेल, पण येण्याची वेळ साडेनऊऐवजी साडेअकरा होऊ शकते का? अतिवृष्टीच्या लाल इशाऱ्याच्या दिवशी घरून काम चालेल का? ज्यात हलवाहलव शक्यच नाही त्यावर मत विचारू नये. विचारून न ऐकण्यापेक्षा न विचारलेले लोकांना चालते.

हे टिपण कोणी वाचून येत नाही, ही तक्रार खरी आहे. ॲमेझॉनमध्ये अनेक वर्षे सहा पानी टिपण बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत आहे. तेवढा वेळ कोणीच बोलत नाही. ऑनलाइन बैठकीत ही शांतता विचित्र वाटते, पण पडदाभर वाचून दाखवलेल्या २५ स्लाइडपेक्षा ती कितीतरी कामाची.

मग बोलण्याची फेरी. 'काही शंका?' असा प्रश्न हवेत सोडला की उत्तर येत नाही. नाव घेऊन, सर्वांत नव्या कर्मचाऱ्यापासून सुरुवात करावी आणि साहेबांनी शेवटी बोलावे. साहेब आधी बोलले की उरलेल्यांना फक्त मान डोलावण्याचे काम उरते. बाराच्या बारा एकदम न बसवता चार-चारांचे तीन गट दहा मिनिटांसाठी वेगळ्या रूममध्ये पाठवले की तुटलेल्या जोड्या थोड्या तरी जुळतात. ज्याला बोलायचे नाही त्याला चॅटमध्ये किंवा नाव न देता अर्जावर लिहू द्यावे. भाषेचाही प्रश्न आहे. उल्हासनगरमध्ये एका दहा जणांच्या संघात सिंधी, मराठी, हिंदी घरात बोलणारे सहज सापडतील. इंग्रजी स्लाइडवरच्या बदलाला हिंदीत किंवा मराठीत प्रश्न विचारायची मुभा आहे, हे मोठ्याने सांगावे लागते.

अर्धे कार्यालयात आणि अर्धे घरी, अशी संमिश्र बैठक सर्वांत अवघड. खोलीतले सहा जण एका लॅपटॉपभोवती बसून एकमेकांशी विनोद करतात आणि बदलापूरचा सहकारी चौकोनात अडकून 'आवाज येत नाहीये' एवढेच म्हणत राहतो. यावर साधा उपाय म्हणजे खोलीतल्यांनीही आपापल्या उपकरणावरून सामील होणे. ते जमत नसेल तर खोलीतील एकाने फक्त दूरच्यांच्या वतीने लक्ष ठेवायचे.

वेळ हाही तांत्रिक तपशील नाही. सकाळी नऊ किंवा संध्याकाळी साडेसहाची बैठक म्हणजे कल्याणपलीकडच्या माणसाला लोकलच्या दारात कानात हेडफोन घालून हजर राहायला सांगणे. ११ ते ४ यांतली कोणतीही वेळ चालते. एकामागून एक बैठका लावू नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये १४ जणांच्या मेंदूतील लहरी मोजल्या, तेव्हा सलग बैठकांत ताण वाढत गेला आणि मध्ये दहा मिनिटांची विश्रांती दिली की तो साचला नाही. प्रयोग छोटा होता, पण कंपनीने त्यानंतर आपल्या आउटलुकमध्ये बैठका पाच-दहा मिनिटांनी आखूड करण्याची सोय दिली. बैठक संपल्यावर त्याच दिवशी काय ठरले, काय राहिले आणि राहिलेल्याचे उत्तर कोण, कधी देणार, हे लिहून जायला हवे. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बसायचे. बहुतेक ठिकाणी ही दुसरी बैठक होतच नाही.

कारखाने आणि दुकानांना हे लागू होते का?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला झूमची लिंक पाठवून उपयोग नाही. शिवाय इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. मुंबईतील मुख्यालयाने शुक्रवारी दुपारी सर्वांसाठी 'टाऊनहॉल' ठेवला की कारखान्याचा अर्धा माणूस सुट्टीच्या दिवशी घरून ऐकतो किंवा ऐकतच नाही. इथे पडद्यावरची बैठक सुपरवायझरपर्यंत आणि पुढचे काम पाळी सुरू होतानाच्या दहा मिनिटांत समोरासमोर, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. पण त्यासाठी सुपरवायझरला उत्तरे माहीत असायला हवीत. कामगाराचा पहिला प्रश्न त्यालाच येतो आणि बहुधा त्यालाही बातमी त्याच दिवशी कळलेली असते.

उल्हासनगरमधील फर्निचर, कापड, जीन्सच्या छोट्या व्यवसायांत तर व्हॉट्सॲप हेच बैठकीचे दालन. मालकाचा व्हॉइस मेसेज येतो, खाली अंगठ्याच्या खुणा पडतात. अंगठा म्हणजे 'ऐकले', 'पटले' नव्हे. बिलिंगचे सॉफ्टवेअर बदलायचे असेल तर ते वापरणाऱ्या दोघांना आधी बोलावून दाखवण्यात जाणारा अर्धा तास नंतरचे आठ दिवस वाचवतो.

कायदा याबाबत काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४०नुसार वेतन, कामाचे तास, विश्रांतीचा वेळ, रजा, पाळ्या सुरू करणे किंवा बदलणे अशा ठरावीक बाबींत बदल करायचा असेल तर बाधित कामगारांना विहित पद्धतीने नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवसांच्या आत तो बदल लागू करता येत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ खाली हीच तरतूद होती. समझोत्याने किंवा निवाड्याने झालेल्या बदलांना त्यातून सूट आहे. तातडीच्या प्रसंगी पाळी बदलण्याबाबतही तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून मार्ग काढता येतो. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्ती आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक मात्र 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. बैठकीत तोंडी दिलेली माहिती ही नोटीस ठरत नाही. त्यामुळे पडद्यावर पाळीबदलाची घोषणा झाली असेल, तर नोटीस कोणत्या तारखेची आहे आणि ती सूचना फलकावर लागली आहे का, हे कामगार किंवा त्यांची संघटना व्यवस्थापनाला लेखी विचारू शकते.